मेरिनोचा स्वेटर: धुवायचा कमी, वाळवायचा आडवा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. माझी लेक न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला असते. गेल्या वर्षी येताना तिने आमच्यासाठी मेरिनो मेंढीच्या लोकरीचे कपडे आणले. मला एक कार्डिगन आणि यजमानांना पूर्ण बाह्यांचे दोन पातळ टी-शर्ट. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. पहाटे फिरायला जाताना त्या टी-शर्टांनी यजमानांना फार सुख दिलं. पण कामाला येणाऱ्या मावशींनी कार्डिगन बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनला लावलं आणि बाहेर निघालं ते पाच वर्षांच्या मुलीला होईल एवढं, घट्ट आणि जाड. यजमान मावशींना नको ते बोलले. तेव्हापासून टी-शर्ट धुवायची माझी हिंमत होत नाही. डांबराच्या गोळ्या घालून ते कपाटात ठेवले होते. परवा काढले तर एकाला पोटाजवळ टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली. कसर लागली का? कार्डिगन पूर्ववत होईल का? लेकीला अजून सांगितलेलं नाही. डिसेंबरात ती आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन येतेय. आणि एक विचारते. शेजारच्या मुलीला ते कार्डिगन दाखवलं तर ती म्हणाली, "आजी, मग पावसात भिजून मेंढी का नाही आटत?" मला उत्तर देता आलं नाही.

– एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी कडू ते सांगून टाकते. कार्डिगन बहुधा तुमच्या अंगाला पुन्हा होणार नाही. तरी एकदा उजेडाकडे धरून बघा. विणीचे टाके अजून वेगवेगळे दिसत असतील तर थोडी आशा आहे. बादलीभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे केसांचं कंडिशनर कालवायचं, त्यात कार्डिगन अर्धा तास बुडवून ठेवायचं, मग टॉवेलात दाबून पाणी काढायचं आणि टेबलावर पसरून चहूबाजूंनी हलक्या हाताने ताणत, कडांवर वजन ठेवून वाळवायचं. लोकर म्हणजे केसच, आपल्या केसांसारखी केराटिन या प्रथिनाची बनलेली, म्हणून कंडिशनर तिला मानवतं. थोडं आटलेलं कापड यातून बोट-दोन बोटं परत मिळतं. पण तुम्ही "घट्ट आणि जाड" लिहिलंय. टाके दिसेनासे होऊन सगळा पृष्ठभाग एकजीव झाला असेल तर ताणाताणी करू नका, शिवणी उसवतील आणि हाती काही लागणार नाही.

मात्र ते टाकून देऊ नका. काश्मीरमधले कारागीर लोकरीचे थर पसरून, त्यावर साबणाचं पाणी शिंपडून, गुंडाळून, पायांनी दाबत नमदा, म्हणजे न विणलेला लोकरी गालिचा, तयार करतात. तुमच्या मशीनने तेच काम केलं आहे. अशा कापडाचा मोठा गुण म्हणजे कुठेही कात्री लावली तरी धागे सुटत नाहीत. नातवाची टोपी करा, बुटात घालायचे तळवे करा. तुकडे उरले तर दुहेरी शिवून कढई उतरवायची पकड करा. लोकर सहजी पेट घेत नाही आणि पॉलिएस्टरसारखी वितळून हाताला चिकटत नाही, त्यामुळे ओट्याजवळ तिच्यासारखं कापड नाही.

लेकीला आजच सांगा. लोकर वापरणाऱ्या घरात असा एखादा कपडा आटलेला असतोच, तिला त्यात नवल वाटणार नाही. आणि मावशींचं म्हणाल, तर यजमानांनी त्यांच्याशी दोन शब्द नीट बोलावेत असं मला मनापासून वाटतं. धुण्याच्या सूचना आतल्या शिवणीत, नखाएवढ्या चित्रांत छापलेल्या असतात आणि त्या मावशींना कोणी कधी वाचून दाखवल्या नव्हत्या. ढीग मशीनला लावायचा हे त्यांचं रोजचं काम, ते त्यांनी केलं.

आता आटतं कशामुळे ते बघू, कारण ते कळलं की धुण्याची भीती जाते. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर, कौलारू छपरावर कौलं चढवावीत तसे एकावर एक बारीक खवले असतात. सगळ्यांची तोंडं तंतूच्या टोकाकडे. पाणी लागलं, त्यात ऊब आली आणि साबण तीव्र असला की तंतू फुगतो, खवले उचलले जातात. अशा वेळी कपडा घुसळला की तंतू एकमेकांवरून मुळाच्या दिशेने सरकतात, पण खवले अडकल्यामुळे मागे येऊ शकत नाहीत. पुढच्या घुसळणीत आणखी सरकतात. असे हजारो तंतू एकमेकांत रुतत गेले की कापड दाट होतं आणि लहान होतं. मेरिनोचा तंतू इतर मेंढ्यांच्या मानाने फार बारीक, साधारण १५ ते २४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून ती टोचत नाही, आणि म्हणूनच ती लवकर गुंतते. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, घोंगडी अंगाला टोचते ती त्यामुळे.

यात दोष पाण्याचा नाही, हे लक्षात घ्या. नुसत्या थंड पाण्यात बुडवून ठेवलेला मेरिनोचा कपडा आटत नाही. उष्णता, तीव्र साबण आणि घुसळण या तिघांची जूट झाली की काम बिघडतं, आणि तिघांत सगळ्यात वाईट घुसळण. तुमचं मशीन सेमी-ऑटोमॅटिक असेल तर त्याच्या तळाशी फिरणारी चकती कपड्यांना पीळ घालत घासते. सोबत जीन्स, चादरी असल्या तर मग विचारायलाच नको.

शेजारच्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला. तिला सांगा, मेंढीच्या अंगावर प्रत्येक तंतूचं एक टोक कातडीत घट्ट रोवलेलं असतं आणि सगळे तंतू एकाच दिशेने वाढतात, त्यामुळे ते एकमेकांत उलटेसुलटे सरकू शकत नाहीत. शिवाय मेंढीच्या अंगातून लॅनोलिन नावाचं मेणचट द्रव्य पाझरतं, ते तंतूंना लेप देतं आणि पाणी दूर ठेवतं. आणि पाऊस मेंढीला भिजवतो, गरम साबणाच्या पाण्यात गरगर फिरवत नाही. तुमची लेक राहते त्याच दक्षिण बेटावर, ओटागो भागात, श्रेक नावाची एक मेरिनो मेंढी कातरणी चुकवण्यासाठी सहा वर्षं डोंगरकपारीत लपून राहिली होती. नर होता खरं तर. २००४ मध्ये सापडल्यावर त्याची लोकर टीव्हीवर थेट प्रक्षेपणात कातरली, ती २७ किलो भरली. सहा हिवाळ्यांची हिमवृष्टी आणि सहा उन्हाळ्यांचं ऊन त्या लोकरीने सोसलं. ही लोकर नाजूक नाही हो, तिला फक्त घुसळण सोसत नाही.

तर, टी-शर्ट धुवायचे कसे?

आधी आतली चित्रं बघा. पाण्याच्या टोपल्यात हात असेल तर फक्त हाताने धुवायचं. टोपल्यात ३० आकडा असेल तर ३० अंशांपर्यंतच्या पाण्यात मशीन चालतं, आणि टोपल्याखाली आडव्या रेघा असतील तर चक्र जितकं हळुवार तितकं बरं. टोपल्यावर फुली म्हणजे पाण्यात घालायचंच नाही, ड्रायक्लीन. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, आणि लोकरीला ते खरोखरच कधीही नको, क्लोरीन ब्लीचमध्ये लोकर चक्क विरघळते. चौकोनात आडवी रेघ म्हणजे सपाट पसरून वाळवायचं. आजकाल पुष्कळ मेरिनो कपड्यांवर "सुपरवॉश" किंवा मशीनवॉश असं लिहिलेलं असतं. त्या लोकरीचे खवले क्लोरीनच्या प्रक्रियेने बोथट करून वर अतिपातळ लेप दिलेला असतो, म्हणून ती सहसा गुंतत नाही. यजमानांचे पातळ टी-शर्ट अशा लोकरीचे असण्याची शक्यता बरीच आहे. तसं असलं तरी गरम पाणी आणि गरम हवेचा ड्रायर नकोच.

हाताने धुणं अगदी सोपं आहे, पाच-दहा मिनिटांचं काम. बादलीत थंड किंवा हाताला जेमतेम कोमट लागेल असं पाणी घ्या. नाशिकला थंडीत नळाचं पाणी गार असतं, ते चालेल. उन्हाळ्यात मात्र दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं, तेव्हा सकाळी लवकर धुवा. साबण लोकरीसाठीचाच द्रवरूप घ्या. इझी किंवा तत्सम कुठलाही चालेल. रोजची पावडर नको, वडी नको, धुण्याचा सोडा तर नकोच नको. पावडरचं पाणी अल्कधर्मी असतं आणि अल्काने लोकर खडबडीत होते, कालांतराने विरते. शिवाय डाग खाणाऱ्या बऱ्याच पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. ती दुधाचा, आमटीचा डाग खातात तशी लोकरही खातात, कारण लोकर हे प्रथिनच. फॅब्रिक कंडिशनरही सोडून द्या, त्याचा थर बसून लोकर घाम शोषेनाशी होते.

बाटलीतला साबण नको असेल तर रिठे आहेत. आपल्या आज्या रेशमी आणि लोकरीचे कपडे रिठ्यानेच धुवायच्या आणि त्या बरोबर होत्या. रिठ्याचं पाणी सौम्य आम्लधर्मी असतं आणि लोकरीला तेच सोसतं. दहा-बारा रिठे फोडून बिया काढा, रात्रभर भिजवा, सकाळी एक उकळी आणून कुस्करा, पंचातून गाळून पूर्ण गार होऊ द्या. हे पाणी तपकिरी असतं आणि पांढऱ्या किंवा फिक्या कपड्यावर पिवळट झाक ठेवू शकतं, म्हणून गडद रंगांपुरतंच वापरा. आणि डोळ्यांना सांभाळा, फार झोंबतं.

टी-शर्ट उलटा करून बुडवा, तळव्याने वरून दाबा, सोडा, पुन्हा दाबा. एवढंच. कॉलर, काखा यांवरही ब्रश नको, दोन हातांत धरून चोळणं नको. पाच मिनिटं तसाच राहू द्या. काढताना खालून दोन्ही हातांनी उचला, कारण ओली लोकर अशक्त होते आणि पाण्याच्या वजनाने लोंबते. खळबळायला तेवढ्याच थंडाव्याचं पाणी घ्या, दोनदा, फेस जाईपर्यंत. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर शेवटच्या बादलीत चमचाभर पांढरं व्हिनेगर टाका, अल्काचा अंश राहिला असेल तर निघून जातो. वास वाळताना उडून जातो.

पिळायचं नाही. मावशींना हे एक वाक्य नक्की सांगा, कारण हातांना पिळायची सवय असते आणि ते नकळत होतं. जुना मोठा टॉवेल पसरा, त्यावर टी-शर्ट, मग चटईसारखी गुंडाळी करून वरून हाताने दाबत जा. टॉवेल ओला होतो, कपडा निम्मा कोरडा. मशीनच्या ड्रायर टबमध्ये टॉवेलात गुंडाळून अर्धा मिनिट फिरवलात तरी चालेल, तिथे कपडा भिंतीला दाबला जातो, घासला जात नाही. मग सावलीत, कोरड्या टॉवेलवर किंवा बाजेवर सपाट पसरा. बाह्या सरळ, कड सरळ, लांबी-रुंदी हाताने जागच्या जागी आणा. दोरीवर टांगलात तर खाली लांबेल आणि खांद्याला चिमट्याची टोकं उठतील. कडक उन्हाने पांढरी लोकर पिवळी पडते आणि रंग उडतात, म्हणून पंखा बरा. इस्त्री क्वचितच लागते. लागलीच तर वर ओलसर सुती कापड ठेवून, दोन ठिपक्यांवर, न घासता दाबून.

फुल्ली ऑटोमॅटिक फ्रंट लोड मशीन असेल आणि त्यात "वूल" चक्र असेल, तर चेनच्या जाळीच्या पिशवीत घालून एकटाच धुवायला हरकत नाही. हुक, वेल्क्रो, चेन असलेलं काहीही त्यात नको.

पण ताई, या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे हे टी-शर्ट तुम्हाला वाटतं तितक्या वेळा धुवावे लागतच नाहीत. आपल्याला घातलेला कपडा संध्याकाळी धुण्यात टाकायची सवय आहे आणि सुती कपड्यांसाठी ती योग्यच आहे. मेरिनोचं तसं नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही. घामाची वाफ कातडीवर साचण्याऐवजी तंतूत जाते, वासाची द्रव्यंही तंतू धरून ठेवतो, आणि हवेवर ठेवलं की त्यातलं बरंचसं हळूहळू सोडून देतो. हिमालयात जाणारे ट्रेकर एकच मेरिनोचा शर्ट कित्येक दिवस घालतात ते यामुळेच. यजमान फिरून आले की टी-शर्ट उलटा करून खुर्चीच्या पाठीवर किंवा खिडकीशी मोकळ्या हवेत पसरा, लगेच घडी घालून कपाटात नको. पाच-सहा वेळा घालून मग धुवा. वरून घालायचा स्वेटर असेल, आत सुती सदरा असेल, तर हंगामात दोन-तीनदा पुरे. आधी नाकाला विचारा, मग बादली काढा.

डाग पडला तर मात्र थांबू नका. तेलाच्या डागावर टाल्कम पावडर भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका. हळदीचं जरा अवघड आहे. हळदीने लोकर रंगवायची जुनी रीत आहे, म्हणजे ती किती घट्ट बसते बघा. गार पाण्याने टिपून घ्या, नेहमीसारखं धुवा आणि डाग उरलाच तर कपडा बाकी झाकून तेवढा भाग सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर ठेवा. हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही. साबणाने डाग लाल झाला तर घाबरू नका, अल्क लागलं की हळद लाल होते, खळबळल्यावर जाते.

आता ती भोकं. पोटाजवळ आहेत, टाचणीच्या टोकाएवढी आहेत आणि समोरच्याच बाजूला आहेत असं तुमच्या पत्रावरून दिसतं. कसरीची भोकं अशी एका जागी, एका उंचीवर नसतात. कसर म्हणजे पतंगाची किंवा बारीक भुंगेऱ्याची अळी. ती कॉलरखाली, काखेत, घडीच्या आत, जिथे घाम आणि अन्नाचे कण लागलेले असतात तिथे वेडीवाकडी खाते, जवळ रेशमासारखे धागे किंवा वाळूसारखे कण सोडते. नुसता धाग्याचा वरचा थर कुरतडलेलाही दिसतो. तुम्हाला असं काही दिसत नसेल तर माझा संशय यजमानांच्या पट्ट्याच्या बकलवर आहे. टी-शर्ट बकल आणि पँटच्या बटणावर रोज घासला जातो आणि पातळ मेरिनोला तिथेच नेमकी भोकं पडतात. ओट्याला टेकून काम करणाऱ्या बायकांच्या कपड्यांनाही अशीच पडतात. टी-शर्ट अंगात घालून भोकं कुठे येतात ते बघा, बकलवर आली की निकाल लागला. त्याच रंगाच्या बारीक धाग्याने आतून दोन-दोन टाके आजच घाला, नाहीतर धागा सुटत जाईल. पुढे फिरायला जाताना नाडीची पँट घातली तर प्रश्नच मिटतो.

पण समजा कसरच निघाली, तर कपडा प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. अंडी, अळ्या दोन्ही मरतात. साध्या एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा तितका गार नसतो, त्यावर विसंबू नका. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. आत-बाहेर तापमान सारखं होईपर्यंत थांबलात तर कपड्यावर दव धरत नाही.

होळी झाली की कपडे ठेवून द्यायचे तेव्हा मात्र धुतल्याशिवाय ठेवायचे नाहीत. न धुता ठेवणं ही तुमची एक चूक झाली, ती या वर्षी टाळा. उडणारा पतंग काही खात नाही, तो अंडी घालतो. अळीला हवा असतो घाम आणि डाग लागलेला कपडा. स्वच्छ, पूर्ण कोरडा कपडा घडी करून चेनच्या हवाबंद पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. टांगू नका. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. कोकणात आणि मुंबईला दमटपणामुळे बुरशी धरते, तिथे हे फारच जरुरीचं. पावसाळ्यात मध्ये एखादी उघडीप मिळाली की काढून झटका, घडी बदला. अळीला उजेड आणि हालचाल दोन्ही नको असतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याने लागलेली कसर मरत नाही.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मी ठाम आहे. त्या नॅफ्थलिनच्या असतात, त्यांची वाफ श्वासातून आणि कातडीतून शरीरात जाते. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या मुलांत त्या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता अनेकदा घरात कोणाला ठाऊकच नसते. आठ महिन्यांचं बाळ येणार असलेल्या घरात त्या गोळ्या नकोत, त्या कपाटातल्या दुलया आणि दुपटीही त्याच्या अंगावर तशीच घालू नका. वास पूर्ण जायला बरेच दिवस लागतात. म्हणून डिसेंबरची वाट न बघता या रविवारी कपाट रिकामं करा, गोळ्या वेचून बाहेर टाका, फळ्या ओल्या फडक्याने पुसा आणि सुती अंथरूण-पांघरूण धुवून, लोकरीचे कपडे सावलीत, वाऱ्यावर पसरून ठेवा.